मुंबई सोडलेल्यांचा इतिहास

१/
पुढच्या महिन्यात आमचे बिऱ्हाड मुलुंडहून नाशिकला हलते आहे. वडील निवृत्त झाले, इमारत जुनी झाली आणि मुलुंडमधील दोन खोल्यांच्या किमतीत नाशिकला ऐसपैस घर मिळते, हा हिशेब घरात वर्षभर चालला होता. निर्णय झाल्यावर नातेवाइकांना सांगू लागलो, तेव्हा बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघाले : "म्हणजे मुंबई सोडली तुम्ही!" त्या वाक्यात हळहळ होती आणि किंचित कीवही. जणू घरातले कोणी परीक्षेत नापास झाले होते.

२/
आजीने मात्र एक आठवण सांगितली. १९६४ साली ती आणि आजोबा गिरगावातील चाळ सोडून मुलुंडला राहायला आले, तेव्हा चाळीतल्या शेजाऱ्यांनीही हेच म्हटले होते. वास्तविक मुलुंड १९५७ पासून कायद्याने बृहन्मुंबईत होते. शेजाऱ्यांच्या मनाने तो कायदा मान्य केला नव्हता, इतकेच. ज्या गावाला मी जन्मभर मुंबई म्हणत आले, ते माझ्या आजीच्या चाळीला मुंबईबाहेरचे वाटत होते.

३/
मुंबईत आलेल्यांचा इतिहास आपण पुष्कळ वाचतो. कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून, उत्तरेतून माणसे आली आणि शहर घडले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मुंबई सोडून गेलेल्यांचा इतिहास मात्र क्वचितच एकत्र सांगितला जातो. हा धागा त्यांच्याविषयी आहे. लांबलचक आहे, सवडीने वाचावा.

४/
आधी आकडे पाहू. येथे 'मुंबई' म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे जुने बेट, आजचा मुंबई शहर जिल्हा. या बेटाची लोकसंख्या सतत वाढतच गेली असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती आधीच्या गणनेपेक्षा पाच वेळा कमी भरली :

१८७२
१९०१
१९३१
१९९१
२०११

या प्रत्येक वर्षामागे एक निर्गमन आहे. एकेक करून पाहू.

५/
पहिले निर्गमन : कापसाचा फुगा.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांची मागणी भारताकडे वळली व मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा इतका आला की बँका, वित्तसंस्था आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या यांचे पेवच फुटले. बॅक बे कंपनीच्या समभागांवर लोक अक्षरशः तुटून पडले. या सट्ट्याचे सूत्रधार होते प्रेमचंद रायचंद, ज्यांच्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला.

६/
१८६४ मध्ये शहराची शिरगणती झाली, तेव्हा लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८६५ मध्ये, अमेरिकेतील युद्ध संपुष्टात आले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी अनेक पेढ्यांचे दिवाळे वाजले. काही काळाने बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

७/
१८७२ च्या जनगणनेत हाच आकडा ६,४४,४०५ झाला. दोन्ही मोजण्यांची पद्धत सारखी नव्हती, त्यामुळे वजाबाकी काटेकोर मानू नये. तरी दिशा स्पष्ट आहे. भराव घालणारे, इमारती बांधणारे, गाठी वाहणारे मजूर कामाच्या ओढीने आले होते आणि काम संपताच परतले. पेढीवाल्यांची नावे इतिहासात राहिली. परत गेलेल्या मजुरांचा पत्ता केवळ या दोन आकड्यांमधील फरकात सापडतो.

८/
दुसरे निर्गमन : प्लेग.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक ज्वराचे, म्हणजे प्लेगचे निदान केले. मांडवी बंदरालगतची वस्ती. धान्याची गोदामे, त्यांत उंदीर आणि गोदामांच्या वर दाटीने राहणारी माणसे. काही आठवड्यांतच साथ आसपासच्या वस्त्यांत पसरली आणि लोकांनी शहर सोडायला सुरुवात केली.

९/
फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारे ३ लाख ८० हजार माणसे मुंबईबाहेर गेली, असा समकालीन अंदाज आहे. शहराची लोकसंख्या तेव्हा साडेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे जवळजवळ निम्मी मुंबई पाच महिन्यांत रिकामी झाली. बाजार ओस पडले. मजूर टिकवण्यासाठी गिरणीमालकांना रोजच्या रोज मजुरी चुकती करण्याची पाळी आली.

१०/
लोक केवळ रोगाला भ्याले नव्हते, उपाययोजनेलाही भ्याले होते. घरोघरी झडत्या, रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेणे, कुटुंबीयांना छावणीत ठेवणे, सामान जाळणे, छपराची कौले काढून ऊन आत घेणे, असे उपाय सरकारने आरंभले. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' ही अक्षरे रंगवली जात. फेब्रुवारी १८९७ मध्ये या अधिकारांना साथरोग कायद्याचे बळ मिळाले. मार्च १८९८ मध्ये झडत्यांच्या रोषातून शहरात दंगल झाली.

११/
या पलायनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माणसांबरोबर रोगही गेला. कल्याणसारख्या स्थानकांवर प्रवाशांची तपासणी होई, तरी साथ पुण्यास पोहोचली. तेथे रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे रँडचा वध आणि चाफेकर बंधूंची फाशी हा सारा घटनाक्रम आपण शाळेत शिकतो. त्या घटनाक्रमाच्या मुळाशी मुंबईहून बाहेर पडलेली गर्दी होती, हे सहसा शिकवले जात नाही.

१२/
१८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ झाली. मार्च १९०१ ची ही गणना ऐन साथीच्या हंगामात झाल्याने पुष्कळ लोक त्या वेळी गावी होते. १९०६ मध्ये पुन्हा मोजणी झाली, तेव्हा आकडा पावणेदहा लाखांवर गेला होता. गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि गावी शेत पुरे पडत नव्हते, म्हणून लोक परतले.

१३/
मात्र ज्यांच्यापाशी थोडा पैसा होता, त्यांच्या मनात या वर्षांनी एक विचार रुजवला. शहरात नोकरी करायची, पण राहायचे शहराबाहेर, मोकळ्या हवेत. हा विचार रुजण्याला रेल्वेची साथ होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली होती. पश्चिमेकडे १८६७ मध्ये विरारहून मुंबईस रोज ये-जा करणारी गाडी सुरू झाली आणि ती अंधेरी, बोरिवली येथे थांबत असे. त्या काळी ही दोन्ही भातशेतीची गावे होती.

१४/
सरकारने आपल्या परीने शहर सुधारायला घेतले. १८९८ च्या कायद्याने 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले गेले. दादर, माटुंगा, शीव येथे नवे भाग आखले गेले. पण आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने जितकी घरे पाडली, तितकी बांधली नाहीत. घर गमावलेला गरीब माणूस शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहू लागला. मध्यमवर्गीय कारकून, शिक्षक, वकील मात्र नकाशावर उत्तरेकडे पाहू लागले.

१५/
उत्तरेकडे होते साष्टी बेट. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ही सगळी साष्टीची गावे. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये खाडी होती. शीवकडून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आणि माहीमकडून १८४५ मध्ये बांध घालून रस्ता झाला. तरीही प्रशासनाच्या दृष्टीने साष्टी ठाणे जिल्ह्यातच राहिली. १ ऑक्टोबर १९२० रोजी दक्षिण साष्टीचा भाग वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा निर्माण करण्यात आला. 'उपनगर' हा शब्द आपल्या पत्त्यात येथून आला.

१६/
या काळात तीन गोष्टी एकत्र जुळून आल्या.

पहिली, १९१५ चा मुंबई नगररचना कायदा. त्यामुळे शेतजमिनींचे रस्ते व भूखंड पाडता येऊ लागले.

दुसरी, सहकारी गृहनिर्माण. गावदेवीतील सारस्वत सोसायटी १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने स्थापन झाली आणि चार-चौघांनी मिळून घर बांधण्याचा नमुना तयार झाला.

तिसरी, विजेवरची गाडी. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धावू लागल्या.

१७/
मुलुंडची आखणी याच काळातली. १९२२ मध्ये क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी स्थानकापासून पाच रस्त्यापर्यंत काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचा आराखडा केला. आजही मुलुंड पश्चिमेला नवखा माणूस सहसा चुकत नाही, त्याचे कारण हेच. घाटकोपर आणि मुलुंड येथे गुजराती व कच्छी व्यापारी कुटुंबे स्थिरावली, तर पार्ल्यात गिरगाव-गावदेवीकडून आलेली मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे.

१८/
पार्ल्याचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पार्ले टिळक विद्यालय १९२१ मध्ये सुरू झाले आणि लोकमान्य सेवा संघ १९२३ मध्ये. सालांकडे लक्ष द्या. विजेची गाडी यायला अजून पाच-सात वर्षे होती. वस्ती विरळ होती. तरी आलेल्या माणसांनी आधी शाळा काढली आणि मग सार्वजनिक कार्याची संस्था. १९१९ साली गावदेवीत जन्मलेले पु. ल. देशपांडे कुटुंबासह आधी जोगेश्वरीला, मग पार्ल्याला आले आणि याच शाळेत शिकले. मुंबई सोडून उपनगरात गेलेल्या एका बिऱ्हाडाने महाराष्ट्राला काय दिले, हे वेगळे सांगायला नको.

१९/
येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. 'मोकळी जागा होती, तेथे वस्ती झाली' असे आपण सहज लिहून जातो. साष्टी मोकळी नव्हती. कोळी, आगरी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांची गावठाणे होती आणि डोंगरउतारावर वारली आदिवासींचे पाडे होते. भातशेती होती, ताडीची झाडे होती, मुलुंड-भांडुपच्या खाडीकडेला मिठागरे होती. नव्या आलेल्यांचा भूखंड हा कोणाच्या तरी शेताचा तुकडा असे. एकाचे 'मुंबई सोडणे' हे दुसऱ्याच्या गावाचे शहर होणे होते आणि त्याला कोणी विचारले नव्हते.

२०/
तिसरे निर्गमन : १९३१.

१९२१ मध्ये बेटाची लोकसंख्या ११,७५,९१४ होती. १९३१ मध्ये ती ११,६१,३८३ झाली. घट थोडी दिसते, पण त्या दशकात शहरावर बरेच काही गुदरले होते. १९२८ मध्ये गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला. १९२९ पासून जागतिक मंदीने व्यापार आखडला. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ पेटली. कामगार गावी परतत होता आणि त्याच दशकात उपनगरांची वस्ती वाढत होती. एकाच आकड्यात दोन निर्गमने मिसळली होती. एक नाइलाजाचे, दुसरे निवडीचे.

२१/
स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. फाळणीचे निर्वासित आले आणि जागेची टंचाई तीव्र झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. जुन्या भाडेकरूंना मोठे संरक्षण मिळाले, पण भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधणे परवडेनासे झाले आणि रिकाम्या खोलीला पागडी मागितली जाऊ लागली. गिरगाव-परळच्या चाळींतील घरात मुलाचे लग्न झाले की जागेचा प्रश्न उभा राही. तो प्रश्न बहुतेकांनी लोकलचा पास काढून सोडवला.

२२/
आणि शहर त्यांच्यामागोमाग चालत आले. १९५० मध्ये महापालिकेची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेस भांडुपपर्यंत वाढली. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. ज्यांनी मुंबई सोडली होती, ते जागचे न हलता पुन्हा मुंबईकर झाले. माझी आजी १९६४ साली आली, तेव्हा शहराची वेस तिच्या घरापुढे जाऊन सात वर्षे झाली होती.

२३/
चौथे निर्गमन : गिरणगाव.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. संपाच्या काळात हजारो कामगार कोकणात आणि घाटावर गावी गेले. परतल्यावर अनेकांना गिरणीचे फाटक बंद दिसले. १९८१ मध्ये ३२,८५,०४० असलेली बेटाची लोकसंख्या १९९१ मध्ये ३१,७४,८८९ झाली. एका दशकात १ लाख १० हजारांची घट.

२४/
१८६५ च्या मजुराप्रमाणे आणि १८९६ च्या गिरणी कामगाराप्रमाणे हाही माणूस गावी गेला. फरक असा की मागच्या वेळी परत यायला गिरणी होती. या वेळी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा वापर बदलण्यास वाट करून दिली आणि २००१ च्या दुरुस्तीने ती वाट रुंद केली. जेथे माग चालत होते, तेथे मनोरे आणि मॉल उभे राहिले. गावी गेलेल्या कामगाराची परतीची जागाच नाहीशी झाली.

२५/
पाचवे निर्गमन : २००१ ते २०११.

या वेळी साथ नव्हती, मोठा संप नव्हता, मंदीनेही शहर बसले नव्हते. तरी बेटाची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आली. अडीच लाखांहून अधिक घट, तीही गाजावाजा न होता. जुन्या चाळी पडल्या, पुनर्विकास झाला, कुटुंबे लहान झाली, मुले वेगळी राहू लागली. खोलीचे पैसे घेऊन डोंबिवली, बदलापूर, विरार गाठणे हे हजारो घरांचे गणित झाले.

२६/
त्याच दशकात उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२ झाली. वाढ सुमारे ८ टक्के. ठाणे जिल्ह्याची वाढ मात्र ३६ टक्के होती. १ कोटी १० लाखांहून अधिक वस्तीचा ठाणे हा २०११ मध्ये देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. पालघर त्यातून वेगळा झाला तो २०१४ मध्ये. याचा अर्थ असा की शंभर वर्षांपूर्वी गिरगाव जेथे उभे होते, तेथे आता अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे येऊन पोहोचली आहेत. एके काळी लोक येथे यायला मुंबई सोडत होते. आता येथून निघणाऱ्यांची पाळी आहे.

२७/
२०२० मध्ये पुन्हा साथ आली आणि महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला, तो १८९७ चाच होता. टाळेबंदीनंतर मुलुंड चेक नाक्याजवळून नाशिकच्या दिशेने चालत निघालेली माणसे मी पाहिली आहेत. डोक्यावर बोचकी, कडेवर मुले. कोकणात पोहोचलेल्या चाकरमान्यांना गावाच्या वेशीवर चौदा दिवस विलग राहावे लागले. तेव्हा मी बी. ए. च्या वर्गात होते. प्लेगवरचे प्रकरण मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्यातील प्रत्येक वाक्य रस्त्यावर चालताना दिसले.

२८/
या सर्व निर्गमनांतून मला काय दिसते, ते सांगते.

मुंबई सोडणे ही एकच घटना नाही. कोणी पळाले, कोणाला ढकलले गेले, कोणी निवडून गेले. कोण कोणत्या गटात पडेल, हे बहुधा एका गोष्टीवर ठरले : जाताना हातात काय होते. १९२० च्या दशकातील कारकुनापाशी पगार, रेल्वेचा पास आणि सोसायटीचा भाग होता. १९८२ च्या कामगारापाशी थकलेली उधारी होती. आमच्यापाशी विकायला दोन खोल्या आहेत, म्हणून आमचे जाणे 'निर्णय' म्हणवते. आमच्या इमारतीत भाड्याने राहणारी दोन कुटुंबेही या वर्षी बाहेर पडली. त्यांच्या जाण्याला कोणी निर्णय म्हणाले नाही.

२९/
दुसरी गोष्ट. जाणाऱ्याने नव्या गावी काय केले, यावर पुढचा इतिहास ठरला. पार्ल्याला आलेल्यांनी दादर-गिरगावच्या आठवणीत उसासे टाकत बसण्याऐवजी दोन-तीन वर्षांत शाळा काढली. पुढच्या पिढीला आपण शहराबाहेर वाढलो, असे कधी वाटले नाही. पण त्याच काळात गावठाणातील मूळ माणूस आपल्याच गावात परका होत गेला. नव्याने येणाऱ्याने या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायला हव्यात.

३०/
आता नाशिकबद्दल. "एवढ्या मोठ्या शहरातून एवढ्या लहान गावात?" असे मला विचारले गेले. म्हणून आकडा शोधला. २०११ मध्ये नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. मुंबई बेटाची १९४१ मधील लोकसंख्या होती सुमारे १४ लाख ९० हजार. म्हणजे ज्या मुंबईत पुढच्याच वर्षी 'छोडो भारत'चा ठराव झाला, ती मुंबई आणि २०११ चे 'लहान' नाशिक आकाराने जवळजवळ सारखी. लहान-मोठे हे आपण कोठे उभे राहून पाहतो, त्यावर अवलंबून आहे.

३१/
आणि एक तपशील. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये स्थापन झाले. तेव्हा माहीमचा बांध पुरा व्हायला पाच वर्षे आणि बोरीबंदरहून पहिली गाडी सुटायला तेरा वर्षे होती. मुलुंडमध्ये मिठागरे आणि भातखाचरे होती. मी एखाद्या रिकाम्या जागी चाललेले नाही, एका जुन्या शहरात नवखी म्हणून चालले आहे, हे त्या सालाने माझ्या मनात पक्के केले. सामान लागले की पहिल्या आठवड्यात त्या वाचनालयाचे सभासद व्हायचे ठरवले आहे.

३२/
आजी आमच्याबरोबर येते आहे. परवा तिने कपाटातून १९६४ सालचा पितळी डबा काढला. गिरगावहून मुलुंडला येताना त्यात देव बांधून आणले होते. आता पुन्हा त्यातच बांधायचे म्हणते. मी विचारले, "आजी, मुंबई सोडताना वाईट नाही वाटत?" ती म्हणाली, "मी तर साठ वर्षांपूर्वीच सोडली होती, तूच विचार कर." आणि डबा घासायला घेतला.

३३/
मित्रहो, एक विनंती. आपल्या घरात कोणीतरी कधीतरी 'मुंबई सोडली' असणार, किंवा 'मुंबईबाहेर' राहायला आले असणार. ते साल, निघालेली चाळ आणि पोहोचलेले गाव इतके तरी घरच्या ज्येष्ठांना विचारून खाली लिहा. जनगणनेत हा इतिहास वजाबाकीच्या रूपाने येतो. त्या वजाबाकीत कोण होते, हे आपल्याच घरात विचारावे लागते आणि विचारण्याजोगी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

धागा समाप्त.